साखरेचे फूल आणि अब्बांची गाठी

या महिन्याचा मजकूर आम्ही डाव्या अंगठ्याला पट्टी बांधून लिहीत आहोत. काळजीचे कारण नाही. साखरेच्या पाकाचा एक थेंब पडला होता. पण त्या थेंबापर्यंत आम्ही कसे पोहोचलो, हे सांगण्यासारखे आहे. घरात बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा असेल, तर कदाचित तुमच्याही उपयोगाचे.

आमच्या लेकीचा बारावी सायन्सचा निकाल लागला. गुण चांगले पडले. बी.एस्सी. करावे, मग बी.एड., म्हणजे आमच्यासारखी शाळेत लागेल, असे घरात सगळ्यांनी ठरवून टाकले होते. तिने मात्र जेवताना शांतपणे सांगितले, "अम्मी, मला बेकरी आणि कन्फेक्शनरीचा डिप्लोमा करायचा आहे. साखरेची फुले, साखरेच्या कमानी करतात ना, ते शिकायचे आहे."

यांच्या हातातला घास तसाच राहिला. आम्ही अब्बांकडे पाहिले. अब्बा, म्हणजे आमचे वडील, गेल्या चार वर्षांपासून आमच्याकडेच असतात. त्यांनी मान वर केली नाही. जेवण संपवले, हात धुतले आणि अंगणात जाऊन बसले.

ते का उठून गेले, ते आम्हाला ठाऊक होते. अब्बांनी सोलापूरकडे साखरेच्या एका कारखान्यात तीस वर्षे काढली. कारखाना म्हणजे ऊस गाळणारा नव्हे. पत्र्याचे छप्पर, दोन भट्ट्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेले लाकडी साचे, एवढाच तो कारखाना. महाशिवरात्र झाली की तिथे गुढीपाडव्याच्या गाठी सुरू होत. उरलेले वर्षभर बत्तासे आणि साखरफुटाणे. मालक दुसरे, भट्टी दुसऱ्याची, हात अब्बांचे. उजव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत जी चमकती, ताणलेली कातडी आहे, ती त्या भट्टीची कमाई. आम्हा भावंडांना त्यांनी कधी त्या पत्र्याखाली येऊ दिले नाही. "तुम्ही पुस्तकाजवळ बसा," एवढेच म्हणत. आम्ही बी.एड. झालो, तेव्हा त्यांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. बत्तासे वाटले नाहीत.

आणि आता नात म्हणत होती, साखर उकळायला शिकते.

आम्ही शिक्षक माणसे. नाही म्हणायचे असले तरी सरळ म्हणत नाही, अट घालतो. लेकीला म्हणालो, "आधी आम्हाला शिकव. ऑगस्ट अखेरपर्यंत दर रविवारी आपण दोघी करू. एक फूल जरी नीट जमले, तरी पुढचे बोलू." मनात हिशेब असा होता की दोन रविवारांत हौस फिटेल. यालाच आम्ही वर्गात प्रकल्प म्हणतो!

पहिल्या रविवारी लेकीने सामान मांडले. साखर अर्धा किलो, पाणी 200 मिलिलिटर, लिक्विड ग्लुकोज 100 ग्रॅम. ग्लुकोज म्हणजे मधासारखा घट्ट, पारदर्शक पाक. केकचे सामान विकणाऱ्या दुकानात डब्यातून मिळतो. जाड बुडाचे स्टीलचे पातेले, एक ब्रश, सिलिकॉनची चटई, रबरी हातमोजे आणि पाकाचा थर्मामीटर. हा तापाचा थर्मामीटर नव्हे. तो 42 अंशांपाशी संपतो आणि इथे तर 155 अंश सेल्सिअसपर्यंत जायचे असते.

आपण घरात गुलाबजामला पाक करतो तो साधारण 105 ते 110 अंशांचा असतो. एकतारी, दोनतारी म्हणतो तो तेवढाच. पुढे पाणी आटत जाते आणि पाक तापत जातो. 120 च्या पुढे थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची घट्ट गोळी होते. 150 च्या आसपास तोच थेंब काचेसारखा कडक होतो आणि दाताखाली कट्‌कन तुटतो. शिल्पाला हा पाक लागतो. 160 च्या पुढे रंग चढतो, त्याचे कॅरॅमल होते. आणखी थोडे दुर्लक्ष झाले की कडू, काळे.

लेकीने बजावले होते, उकळी आल्यावर ढवळायचे नाही. आम्ही वीस वर्षे खीर ढवळलेली, हात ऐकतो कुठला? ती खिडकी लावायला वळली आणि आम्ही चमचा फिरवला. शिवाय ग्लुकोजही अंदाजाने अर्धेच घातले होते, कारण ते महाग वाटले. पाक चटईवर ओतला. क्षणभर काचेसारखा दिसला, मग कडेने पांढरा पडत गेला आणि पाहता पाहता सगळी लादी खडूसारखी झाली. दाबली तर भुगा.

लेकीचा चेहरा उतरला. खरे सांगायचे तर आम्हाला मनातून थोडे बरे वाटले. तेवढ्यात मागून अब्बांचा आवाज आला. कधी येऊन उभे राहिले होते, कळले नाही. त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला, जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "बिगडा किधर? ये तो गाठी का पाक हुआ!"

त्या दिवशी ते पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले.

अब्बांनी सांगितले ते आम्ही आमच्या वर्गातल्या भाषेत मांडतो. साखरेच्या कणांना रांगेत उभे राहण्याची भारी आवड. प्रार्थनेच्या वेळी एका वर्गाची मुले पटकन रांग लावतात, तसे. एकाने जागा धरली की बाकीचे त्याच्यामागे. चमचा फिरवला की पहिल्या मुलाला जागा मिळते. गाठीला नेमके हेच हवे असते. म्हणून कारखान्यात पाक लाकडी दांड्याने कढईच्या कडेला घोटतात. पाक दुधाळ झाला की आत दोरा घातलेल्या साच्यात ओतायचा. काही मिनिटांत साचा उघडला की पांढरीशुभ्र गाठी तयार. घोटले नाही तर गाठी बसणार नाही, चिकट राहील.

काचेसारख्या फुलाला मात्र उलट हवे. तिथे रांग लागता कामा नये. म्हणून ग्लुकोज घालतात. दुसऱ्या वर्गाची मुले मध्येमध्ये उभी केली की रांग मोडते. लिंबाचे दोन थेंबही तेच काम करतात. आंबटपणामुळे थोडी साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. पण लिंबू जास्त झाले तर पाक मऊ आणि ओलसर राहतो. पातेल्याच्या कडेला उडालेले साखरेचे कण ओल्या ब्रशने पुसून घ्यायचे तेही याचसाठी. एक कण आत पडला तरी तो रांगेतला पहिला मुलगा ठरतो.

म्हणजे आजोबांची तीस वर्षांची विद्या आणि नातीला शिकायची असलेली विद्या, दोन्ही एकाच साखरेच्या. एकीला दाणा हवा, दुसरीला नको. अब्बा म्हणाले, "आम्ही सारी उमर दाणा पाडण्यात घालवली, ही पोरगी तो पडू नये म्हणून फी भरणार!" आणि हसले. निकालानंतरचे ते पहिले हसणे होते.

दुसऱ्या रविवारी आम्ही चमच्याला हात लावला नाही. ग्लुकोज तोलून घातले. थर्मामीटरवर 155 दिसताच पातेल्याचे बूड थंड पाण्यात टेकवले, नाहीतर पातेल्याच्या उष्णतेनेच पाक पुढे शिजत राहतो. पाक चटईवर ओतला. कडा घट्ट होऊ लागल्या की त्या मधे दुमडायच्या, पुन्हा पसरल्या की पुन्हा दुमडायच्या. गोळा चटईला चिकटेनासा झाला की हातमोजे घालून ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा. दहा-पंधरा वेळा ओढल्यावर त्यात हवेचे बारीक धागे शिरतात आणि साखरेला रेशमासारखी झळाळी येते. ती झळाळी पाहून आम्ही अक्षरशः "माशाअल्लाह" म्हणालो. मग आणखी चमकेल म्हणून ओढतच राहिलो आणि ती मंदावली. जास्त ओढले तरी शेवटी दाणा पडतोच. कुठे थांबावे, हे कळणे हाच अर्धा हुनर आहे.

त्या दिवशी एक गुलाब झाला. पाच पाकळ्या, त्यांतल्या दोन कोबीच्या पानासारख्या. तरीही गुलाब म्हणून ओळखता येत होता. आम्ही तो बशीत ठेवला. सोमवारी शाळेतून आलो तर गुलाबाला घाम फुटलेला, पाकळ्या खाली लोंबत होत्या. मंगळवारी बशीत गुलाबी चिकट डाग तेवढा उरला.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो आणि महिना जुलैचा. हवेतले पाणी साखर शोषून घेते, हे एक कारण. दुसरे कारण अब्बांनी शोधले. ते म्हणाले, "तुमचं यंत्र खरं बोलतं कशावरून?" त्यांनी वाटीत थंड पाणी घेतले. थर्मामीटरवर 155 आल्यावर त्या पाण्यात थेंब टाकला, बाहेर काढून कानाजवळ मोडला आणि मान हलवली. "आवाज आला नाही. कच्चा आहे." मग आम्ही थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला. समुद्राजवळच्या गावात तिथे 100 दिसायला हवेत. दिसले 107! म्हणजे आमचे 155 हे खरे 148 होते आणि आमचा गुलाब कच्चा. घरी करून पाहणाऱ्यांनी नवा थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासावा.

अब्बांनी थर्मामीटर आयुष्यात वापरला नाही. आम्ही विचारले, चव घेऊन ओळखत होता का? ते म्हणाले, "1992 मध्ये पाडव्याआधीचा सगळा महिना रमजानचा होता. रोज्यात कुठली चव? डोळ्याने, बोटाने, आवाजाने." आम्हाला ते वर्ष आठवते. इफ्तारला अब्बा घरी येत तेव्हा त्यांच्या कपड्यांना साखरेचा वास असे आणि ते आधी खजुराऐवजी मीठ-पाण्याचा घोट घेत. त्याचे कारण आम्ही आज समजलो. दिवसभर गोड वाफ नाकात गेलेल्या माणसाला गोड नको वाटत असेल.

उर्दू शिकवताना आम्ही मुलांना सांगतो की चाशनी हा फारसी शब्द आणि मुळात तो चाखण्याशी जोडलेला आहे. खडीसाखरेला मिस्री म्हणतात, ती मिस्र देशावरून. संस्कृतातली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि तशीच पुढे युरोपात गेली. नासिर खुसरो हा फारसी प्रवासी सुमारे 1,000 वर्षांपूर्वी कैरोत होता. तिथल्या ईदच्या शाही मेजवानीत त्याने संत्र्याच्या झाडासारखे झाड पाहिले, फांद्या आणि पानांसकट सगळे साखरेचे. 1582 मध्ये इस्तंबूलमध्ये शहजाद्याच्या सुंतेच्या सोहळ्यात साखरेच्या आकृत्यांची मिरवणूक निघाली होती. आपल्या महाराष्ट्रात संक्रांतीला नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला हलव्याचे दागिने घालतात. मंद आचेवर खसखस किंवा साबुदाण्यावर पाकाचे थेंब सोडत, हाताने फिरवत त्या हलव्याला काटा आणतात. आमच्या शेजारच्या काकू अजून करतात. हे सारे आम्ही वर्गात किती वेळा सांगितले असेल! पण ते झाड करणाऱ्याचा हात किती भाजला असेल, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. आमच्या घरातच तसा हात असताना पडला नाही.

आता अंगठ्याविषयी. चौथ्या रविवारी पाक ओतताना एक थेंब उडाला. उकळते पाणी 100 अंशांचे असते आणि अंगावरून ओघळून जाते. पाक दीडशेचा असतो आणि चिकटून राहतो, म्हणून त्याची जखम खोल होते. आम्ही तो झटकायला गेलो तर लेकीने मनगट धरून हात नळाखाली नेला आणि घड्याळ लावून 20 मिनिटे तिथेच धरून ठेवला. ओरबाडायचे नाही, पाण्याने साखर आपोआप विरघळते. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. जखम मोठी असेल, किंवा चेहऱ्यावर असेल, तर थेट डॉक्टरांकडे. पाक करताना शेजारी थंड पाण्याचे पातेले ठेवावे, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा घालावा, ओढणी बाजूला ठेवावी किंवा नीट खोचावी आणि लहान मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नये.

अब्बा दारात उभे राहून पाहत होते. पाणी वाहत होते तेवढा वेळ कुणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "माझा हात भाजला तेव्हा कुणी चुना लावला, कुणी शाई लावली. पाणी कुणी घातलं नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हिला हे कुणी शिकवलं?" लेक म्हणाली, "नाना, कोर्सच्या माहितीपत्रकात पहिलं प्रकरण हेच आहे."

त्या रात्री अब्बा आमच्याशी बोलले. म्हणाले, "मला साखरेचा राग नव्हता, बेटा. हात माझा आणि नाव दुसऱ्याचं, त्याचा राग होता. भाजलं तर सुट्टीचे पैसे कापायचे. शिकलेल्या माणसाला असं करतील का?" आम्ही काय उत्तर देणार? शिकलेल्यांनाही करतात, हे आम्ही स्टाफरूममध्ये पाहिले आहे. पण शिकलेला माणूस निदान विचारू शकतो, एवढे आम्ही म्हणालो.

राहिलेले रविवार जरा बरे गेले. दमट हवेसाठी लेकीने आयसोमाल्ट मागवले. ते साखरेपासूनच बनवतात. दिसायला साखरेसारखे, पण हवेतले पाणी कमी शोषते, सहजी पिवळे पडत नाही आणि त्यात दाणाही लवकर पडत नाही. साधारण 170 अंशांपर्यंत तापवावे लागते. साखरेपेक्षा बरेच महाग, आणि गोडी जवळपास निम्मी. मधुमेह असलेल्यांनी मात्र "हे चालते" असे समजून खाऊ नये. जास्त खाल्ले तर पोटही बिघडते. शोभेचा दागिना तो, पोटभर खायची वस्तू नव्हे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आमच्यासारखे थेट गुलाबाकडे धावू नये. आधी पाक चटईवर ओतून पातळ पत्रा करावा आणि थंड झाल्यावर मोडून काचेचे तुकडे करावेत. मग पळीच्या पाठीला तेलाचा हात लावून तिच्यावर कॅरॅमलच्या आडव्या-उभ्या धारा सोडाव्यात. थंड झाल्यावर ती जाळी टोपीसारखी सुटून येते. खीर किंवा फिरनीच्या वाटीवर ठेवली तर ईदचे पाहुणे विचारतात, बाजारातून आणली का? त्यानंतर पान, मग फीत, आणि फूल सर्वांत शेवटी. तयार वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. अब्बांच्या कारखान्यात डब्याच्या तळाशी कळीचा चुना फडक्यात बांधून ठेवत, तो ओल शोषतो. औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्याही चालतात. दोन्ही गोष्टी खाण्याच्या वस्तूला आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत, हे पाहावे.

या काळात शाळेतही एक गोष्ट घडली. सातवीत एक मुलगा आहे. मराठीची जोडाक्षरे त्याला जमत नाहीत. घरी उर्दू, शाळेत उर्दू, मराठी तासापुरती. आम्ही वर्षभर त्याच्या वहीवर वाकून म्हणत आलो, "अरे, सोपे तर आहे." रबरी हातमोज्यांत साखर ओढताना लेक आम्हाला सात वेळा म्हणाली होती, "अम्मी, सोपे आहे ते." आणि सातही वेळा आम्हाला रडू यायचे बाकी होते. ज्याला येते त्याला सोपे. आता त्या मुलाला आम्ही "सोपे आहे" म्हणत नाही. "अवघड आहे, पुन्हा एकदा करू," म्हणतो. गेल्या आठवड्यात त्याने "विद्यार्थी" हा शब्द बिनचूक लिहिला.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी एक फांदी तयार झाली. तीन हिरवी पाने आणि अर्धवट उमललेली एक पांढरी कळी. पाने लेकीची. कळी आमची म्हणायची, पण शेवटची पाकळी अब्बांनी वळवली. हातमोजे त्यांनी घातले नाहीत. त्यांच्या बोटांना अजून ती उष्णता सोसते.

प्रवेशअर्जाची मुदत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. यांचे म्हणणे, डिप्लोमासोबत बहिःस्थ पद्धतीने पदवीही करावी. लेक हो म्हणाली. सोपे जाणार नाही, हे तिलाही कळते. फीचा पहिला हप्ता भरताना आम्हालाही धाकधूक झाली आणि अजूनही आहे. या धंद्यात उभे राहायचे तास किती, पगार किती, मुलीला रात्रपाळी लागली तर काय, या प्रश्नांची उत्तरे साखरेच्या फांदीने दिलेली नाहीत. ती आम्हाला शोधावी लागतील. पण "नाही" म्हणताना आमच्याकडे जे कारण होते, ते तिचे नव्हते, अब्बांच्या हाताचे होते. त्या हातानेच कळीची पाकळी वळवली, मग आम्ही कुठल्या तोंडाने अडवणार?

अर्जात पालकाच्या व्यवसायाचा रकाना होता. यांचे आणि आमचे लिहून झाले. लेकीने विचारले, "नानांचे कुठे लिहू?" आजोबांसाठी रकाना नव्हता. अब्बा म्हणाले, "राहू दे." तिने समासात बारीक अक्षरात लिहिले, "आजोबा : साखर कारागीर."

फांदी डब्यात आहे. तळाशी कळीचा चुना आहे. हस्ताचा पाऊस अजून व्हायचा आहे. तो झाल्यावर डबा उघडू. पाने टिकली की नाही, ते इन्शाअल्लाह पुढच्या महिन्यात कळवू.